ज्यू प्राथमिक शाळेतले पहिलीचे वर्ष: दोन लिप्या आणि दोन पंचांगे

पहिलीच्या बाई (धागाकर्त्या)

मध्यंतरी येथील एका चर्चेत ‘ज्यू शाळांत लहान मुलांना नेमके काय शिकवतात’ असा प्रश्न निघाला होता आणि उत्तरे बरीचशी अंदाजाने दिली गेली होती. मी वायव्य लंडनमधील एका ज्यू प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, म्हणून २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाचा वृत्तान्त मांडत आहे. शाळेचे नाव देणे योग्य नाही, त्यामुळे ते विचारू नये ही विनंती. मी स्वतः ज्यू नाही. या शाळांत इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकवणारे माझ्यासारखे अनेक जण असतात. हिब्रू आणि धर्मशिक्षण, ज्यास तेथे ‘कोदेश’ म्हणतात, ते वेगळ्या शिक्षिकांकडे असते आणि मुले त्यांना ‘मोरा’ अशी हाक मारतात. पहिलीतली मुले पाच ते सहा वर्षांची असतात.

वर्ष सप्टेंबरात सुरू होते, आणि त्या वर्षी शाळा उघडण्याचा आणि हिब्रू पंचांगातील एलुल महिना लागण्याचा मुहूर्त जवळजवळ एकच होता. एलुल हा नववर्षापूर्वीचा महिना असल्यामुळे रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकले जात असे. नव्या वर्गात बावरलेल्या मुलांची शाळेशी पुन्हा ओळख त्या आवाजाने झाली. ऑक्टोबर मात्र शिक्षकाची परीक्षा पाहणारा ठरला. रोश हशाना, म्हणजे नववर्ष, ३ आणि ४ ऑक्टोबरला, म्हणजे गुरुवारी आणि शुक्रवारी. पुढच्या शनिवारी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. त्यानंतर १७ आणि १८ तारखेला सुक्कोत हा मांडवांचा सण, आणि २४ व २५ तारखेला त्या सणाची सांगता, ही सुद्धा गुरुवार-शुक्रवारीच. परिणामी महिनाभर सलग पाच दिवसांचा आठवडा हाती लागणे कठीण झाले. अनुदानित शाळा वर्षातून १९० दिवस भरली पाहिजे असा इंग्लंडमधील नियम असल्याने हे दिवस कोठूनतरी भरून काढावे लागतात, आणि मग आमच्या सत्रामधल्या सुट्ट्या शेजारच्या शाळांच्या सुट्ट्यांशी जुळत नाहीत. ज्यांची दोन मुले दोन वेगळ्या प्रकारच्या शाळांत आहेत, त्या पालकांचे हाल येथे वर्णन करत नाही.

सण दरवर्षी पुढेमागे का सरकतात, हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नसावी. हिब्रू पंचांगही चांद्र-सौर आहे आणि त्यातही अधिक महिना असतो. फरक इतकाच की १९ वर्षांत ७ वेळा येणारा हा महिना त्यांच्याकडे नेहमी अदार हाच असतो. आधीचे ५७८४ हे वर्ष अधिक महिन्याचे होते, म्हणून २०२४ च्या शरदातले सण इतके उशिरा आले. शाळेत हे सगळे वेगळा विषय म्हणून कोणी शिकवत नाही. रोज सकाळी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या जातात, आणि डिसेंबर येईपर्यंत मुलांना हे अंगवळणी पडलेले असते की एक तारीख मध्यरात्री बदलते आणि दुसरी सूर्यास्ताला.

या गोष्टीचा सर्वांत ठळक परिणाम शुक्रवारी दिसतो. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, आणि त्यापूर्वी सर्वांनी घरी पोहोचून शब्बातची, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागणाऱ्या साप्ताहिक विश्रांतिदिनाची, तयारी केलेली असली पाहिजे, म्हणून हिवाळ्यात शुक्रवारची शाळा दुपारी लवकर सुटते. त्या दिवशी वर्गात दोन मुले आळीपाळीने ‘शब्बातची आई’ आणि ‘शब्बातचे बाबा’ होतात. मेजावर झाकलेला ‘हल्ला’ नावाचा शब्बातचा पाव, द्राक्षांचा रस आणि विजेच्या मेणबत्त्या असतात, आणि मोरा तोरा या धर्मग्रंथाच्या त्या आठवड्याच्या पाठातील गोष्ट सांगतात. बाकीचे माझे विषय सकाळी उरकायचे असतात. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटत असे. आता असे दिसते की आठवड्याभरात न बोललेले मूल शुक्रवारी ‘बाबा’ झाले की तीस जणांसमोर मोठ्याने बोलते.

हनुक्का हा दिव्यांचा सण त्या वर्षी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, म्हणजे शाळेला सुट्टी लागल्यानंतर, त्यामुळे आम्ही तो आधीच साजरा केला. गणिताच्या शिक्षिकेसाठी हा सण पर्वणी असतो. पहिल्या रात्री एक ज्योत, दुसऱ्या रात्री दोन, असे करत आठव्या रात्री आठ, आणि शिवाय रोज त्या पेटवणारी एक वेगळी मेणबत्ती. तर घरात एकूण किती मेणबत्त्या आणून ठेवाव्या लागतील? उत्तर ४४ आहे. ते मणी मांडून काढताना एका मुलीने एक आणि आठ, दोन आणि सात अशा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते हे आपणहून ओळखले.

पुरीम हा वेषभूषेचा सण १४ मार्चला होता आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात इंग्लंडभर साजरा होणारा जागतिक पुस्तक दिन, त्यामुळे पालकांना नऊ दिवसांत दोनदा वेषभूषा करून द्यावी लागली. एस्तेरची कथा वाचताना दुष्ट हामानाचे नाव आले की मुलांनी खुळखुळे वाजवून ते बुडवून टाकायचे असते. वर्षातील ही एकच सकाळ अशी, की शिक्षकच गोंगाट करायला सांगतात, पण त्यासाठी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकावा लागतो.

पेसाह या सणात पाव वर्ज्य असतो, म्हणून एप्रिलमध्ये त्याच्या आधी दप्तरे आणि डबे उलटे करून पावाचा कण न् कण झाडला जातो, आणि शाळेत सेदेर या विधिपूर्वक भोजनाची रंगीत तालीम होते. घरच्या सेदेरला सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न गाऊन विचारायचे असतात, आणि पहिलीतली पुष्कळ मुले घरातली शेंडेफळे असल्याने ही जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडते. पेसाहपासून पुढे ४९ दिवस मोजायचे असतात, आणि ते नुसते मोजून भागत नाही, तर आठवडे आणि दिवस असे सांगावे लागतात: ‘आज तेहेतिसावा दिवस, म्हणजे चार आठवडे आणि पाच दिवस.’ सहा वर्षांच्या मुलाला सातने भागणे शिकवण्याची सक्ती राष्ट्रीय अभ्यासक्रम करत नाही. आमची मुले मात्र मे महिन्यात ते रोज करतात.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबरात ही मुले इंग्रजी अक्षरे डावीकडून उजवीकडे वाचू लागतात आणि त्याच सुमारास हिब्रू अक्षरे उजवीकडून डावीकडे. हिब्रूत २२ अक्षरे आहेत, त्यांपैकी ५ अक्षरांचे शब्दाच्या शेवटी रूप बदलते, आणि स्वर बहुतेक करून अक्षरांखालच्या ठिपक्या-रेघांनी दाखवले जातात. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे सिदूर, म्हणजे प्रार्थनापुस्तक, समारंभपूर्वक दिले जाते. त्यातले बरेचसे मुलाला वाचता येते, पण अर्थ मात्र थोडाच समजतो. या शिक्षणाबद्दल येथील जाणकारांना काय वाटते, हे जाणून घेणे हा धागा काढण्यामागचा माझा हेतू आहे.

सह्यवेडा

माहितीपूर्ण लेखन. एक प्रश्न विचारतो, त्यात कोणताही आकस नाही. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत एका धर्माची प्रार्थना आणि एका धर्माचे सण, हे तेथील करदात्यांना मान्य आहे काय? आणि प्रवेश कोणाला मिळतो?

पहिलीच्या बाई

मान्य असणारे आहेत आणि नसणारेही आहेत. तेथे हा वाद जुना आहे. व्यवस्था १९४४ च्या शिक्षण कायद्यातून आली. चर्चच्या आणि ज्यू समाजाच्या शाळा आधीपासून होत्याच. सरकारने त्यांचे वेतन आणि दैनंदिन खर्च उचलले, व इमारतीच्या भांडवली खर्चाचा वाटा, जो आता साधारणतः १० टक्के असतो, संस्थेवर ठेवला. कोदेशच्या तासांचा खर्च सरकार देत नाही, त्यासाठी पालकांकडून ऐच्छिक वर्गणी घेतली जाते. फाटकावरील सुरक्षेचाही काही भार पालकांवर पडतो, आणि ही सुरक्षा शोभेची नाही: आमच्या मुलांना आगीच्या कवायतीबरोबर वर्गाचे दार लावून गुपचूप बसण्याची कवायतही करावी लागते.

प्रवेशाबाबत डिसेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल लागला. १७३२ साली स्थापन झालेल्या ज्यूज फ्री स्कूलने, जी आता माध्यमिक शाळा आहे, एका मुलाला त्याच्या आईचे धर्मांतर सनातनी पद्धतीने झालेले नाही म्हणून प्रवेश नाकारला होता. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले की आईच्या वंशावरून प्रवेश ठरवणे हा वांशिक भेदभाव होय. तेव्हापासून या शाळा, अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर, धर्माचरणाचा पुरावा मागतात, म्हणजे सिनेगॉग या प्रार्थनास्थळातील उपस्थितीची नोंद. ज्यांनी पूर्वी कधी सिनेगॉगची पायरी चढली नव्हती असे काही पालकही मूल तीन वर्षांचे झाले की नियमाने दिसू लागतात, असे माझे सहकारी हसत सांगतात.

निवृत्त मुख्याध्यापक

बाई, आपले लेखन वाचून समाधान वाटले. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी आयुष्य काढले, म्हणून एक शंका मोकळेपणाने मांडतो. अर्थ न कळता वाचणे यास मी वाचन म्हणणार नाही. आमच्या पिढीने रामरक्षा आणि अथर्वशीर्ष असेच घोकले. जीभ वळली, उच्चार शुद्ध झाले, हे मान्य. परंतु अथर्वशीर्ष न अडखळता म्हणणाऱ्या मुलास मराठीच्या पुस्तकातील साधा उतारा वाचून त्याचा आशय सांगता येत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. आपल्या वर्गातील मूल इंग्रजीत अर्थ शोधते आणि हिब्रूत अर्थाविना वाचते. एकाच वर्षी, एकाच वयात, वाचनाच्या या दोन परस्परविरोधी सवयी लावणे शैक्षणिकदृष्ट्या योग्य आहे काय?

माझगावची लेक

मुख्याध्यापक सरांना सविनय उत्तर देते. मी बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली आहे. बालपण माझगाव-भायखळा भागात गेले, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते.

मुंबईत आमच्या समाजाची शाळा १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. तिला पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य मिळाले, आणि विसाव्या शतकात बगदादमध्ये जन्मलेले उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांचे नाव देण्यात आले. म्हणजे बाई ज्या गावच्या शाळेबद्दल लिहीत आहेत, त्या गावचा पैसा एके काळी आमच्या मराठी शाळेत येत होता. त्या आधी आमच्या लोकांना हिब्रू शिकवली ती कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी आणि, आश्चर्य वाटेल, ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, अर्थात त्यांचा हेतू वेगळा होता.

आमच्या घरी आजोबांना ‘शेमा’ पाठ होती. आजी ती प्रार्थना देवनागरीत लिहिलेल्या वहीतून वाचत असे, कारण तिला हिब्रू अक्षरे कोणी शिकवलीच नव्हती. अर्थ दोघांनाही मराठीतून माहीत होता, शब्दाला शब्द लावून मात्र नव्हे. शाळेत आम्ही हिब्रू अक्षरे गिरवली आणि घरी येऊन आजीला दाखवली, तेव्हा वहीतल्या ओळी आणि पुस्तकातल्या ओळी तिने बोटाने जुळवून पाहिल्या. त्या दिवशी तिला नवा अर्थ काही कळला नाही. तरी ते वाचन नव्हते असे मी म्हणणार नाही.

आणि अर्थाची सोय आमच्याकडे होतीच. पेसाहच्या रात्री वाचायचे हग्गादा हे पुस्तक मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली निघाले आणि पुण्यात १८७४ साली सचित्र निघाले. पुण्याच्या प्रतीत बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ हा प्रश्न मी आधी हिब्रूत गायला आणि लगेच मराठीत विचारला. समोर खजुराचा शिरा असे, त्यामुळे चारही प्रश्न फार भराभर विचारले जात. रोश हशानाला लंडनची मुले मधात बुडवलेले सफरचंद खात असतील, आमच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा असे. तू बिश्वात या झाडांच्या सणाला एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि फळे घालून मलिदा केला जाई. हे मात्र शाळेत कोणी शिकवले नाही.

पहिलीच्या बाई

ताई, आपल्या आजींची वही मी उद्या आमच्या मोरांना सांगणार आहे. आमच्या अभ्यासक्रमात भारतातील ज्यूंचा उल्लेख जवळजवळ नाही. मुलांना पोलंड माहीत असते, स्पेन माहीत असते, बेने इस्रायल जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले तो रायगडचा किनारा माहीत नसतो.

सर, आपल्या शंकेवर मी बराच विचार केला आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या प्रत्येक मुलाची जून महिन्यात एक सरकारी चाचणी होते. शिक्षिकेसमोर एकट्याने बसून ४० शब्द मोठ्याने वाचायचे असतात. त्यांतले २० शब्द खरे असतात आणि २० शब्द कोणत्याही भाषेत नसलेले, मुद्दाम रचलेले असतात. त्यांच्या शेजारी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र असते, जेणेकरून मुलाने अर्थ शोधू नये. अंदाज न लावता, अक्षरांचे आवाज जोडून मूल वाचते की नाही एवढेच पाहायचे असते. म्हणजे अर्थाविना वाचन हे केवळ प्रार्थनापुस्तकाचे वैशिष्ट्य नाही. सरकार स्वतः तेच तपासते, फक्त त्याला पहिली पायरी म्हणते. आमच्या मुलांना त्या निरर्थक शब्दांची भीती वाटत नाही, कारण अनोळखी शब्दासमोर न थांबता आवाज जोडत जाणे त्यांनी वर्षभर दुसऱ्या लिपीत केलेले असते. उलट काही हुशार वाचक, ज्यांना घरी पुष्कळ पुस्तके वाचून दाखवली जातात, ते त्या चाचणीत अडखळतात, कारण ते रचलेल्या शब्दाचा ओळखीचा शब्द करून टाकतात.

तरीही आपले म्हणणे मी झटकून टाकत नाही. धोका आहे, पण तो माझ्या मते पहिलीत नसून नंतर आहे. दहाव्या वर्षी देखील मूल सिदूर तितक्याच वेगाने आणि तितक्याच कमी समजुतीने वाचत असेल, तर ती पायरी राहिलेली नसून मुक्काम झालेला असतो, आणि अशी मुले मी वरच्या वर्गांत पाहिली आहेत. हे टाळण्यासाठी बोलीभाषेची आधुनिक हिब्रू वेगळ्या तासाला शिकवतात. तेथे रंग, फळे, घरातल्या वस्तू यांपासून सुरुवात होते, आणि त्यातला एखादा शब्द प्रार्थनेत सापडला की मुले वर्गात ओरडून सांगतात. या दोन तासांची सांगड जितकी घट्ट, तितकी शाळा चांगली, असे मी म्हणेन. बऱ्याच शाळांत ती सैल असते.

ग्लासगोकर

धाग्यात भर घालतो. स्कॉटलंडमध्ये एकच ज्यू शाळा आहे, काल्डरवुड लॉज. ती १९६२ साली सुरू झाली आणि १९८२ पासून स्थानिक प्रशासन चालवते. २०१७ साली ती ग्लासगोच्या दक्षिणेस न्यूटन मर्न्स येथे नव्या इमारतीत गेली, आणि त्याच आवारात सेंट क्लेअर्स ही कॅथलिक प्राथमिक शाळा आहे. दोन्ही शाळांचे वर्ग वेगळे आहेत, काही जागा सामाईक आहेत, आणि कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून असलेल्या, अन्नाची व्यवस्था अर्थातच स्वतंत्र आहे. ज्यू शाळेत ज्यू नसलेली, त्यांत मुस्लिम घरांतली मुलेही शिकतात. बर्मिंगहॅमच्या किंग डेव्हिड शाळेत तर मुस्लिम मुलांची संख्या मोठी आहे, आणि तीही हिब्रू गाणी म्हणतात. पालकांना विचारले तर सांगतात की देव मानणारी, शिस्तीची, आणि आहाराचे नियम समजून घेणारी शाळा हवी होती.

माझगावची लेक

यात मुंबईकरांना नवल वाटू नये. १९४८ नंतर आमचे लोक मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि माझगावची शाळा काय, भायखळ्याची जेकब ससून शाळा काय, दोन्ही ठिकाणी बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम झाले. माझ्या वर्गातही आम्ही ज्यू मुली मोजक्याच होतो. शनिवारी सुट्टी असे, तिचा आनंद मात्र सगळ्यांना सारखाच होता.

सह्यवेडा

मग लंडनमधील मुलांचे काय? सगळी एकाच समाजाची असतील तर त्यांना बाहेरचे जग कधी भेटते?

पहिलीच्या बाई

कमी भेटते, हे मी लपवणार नाही. इतर धर्मांची माहिती आम्ही देतो. जवळच्या चर्चच्या शाळेतील मुलांबरोबर वर्षातून काही उपक्रमही होतात. पण वर्गातली तीसच्या तीस मुले शुक्रवारी संध्याकाळी एकच गोष्ट करतात, आणि ‘शनिवारी काय केले’ या निबंधाची उत्तरे मला वाचण्याआधीच ठाऊक असतात. त्यांना भेटणारे बाहेरचे जग बऱ्याच अंशी आम्ही शिक्षकच असतो. दिवाळीत मी पणत्या आणि करंज्यांचे फोटो दाखवले. पदार्थ कोशेर नसल्याने वाटता आला नाही, तेव्हा एका मुलाने विचारले की तुमच्याकडे दिवे किती रात्री लावतात, आणि मी चार-पाच म्हटल्यावर आमचे आठ असतात असे समाधानाने सांगितले.

निवृत्त मुख्याध्यापक

बाई, आपले उत्तर पटले, निदान पहिलीपुरते. आता एक शेवटचा प्रश्न. प्रत्येक वर्गात दोन-चार मुले मागे राहतातच. सिदूर मिळण्याच्या दिवशी ज्यास अक्षरे जुळवता येत नाहीत, त्याचे काय करता?

पहिलीच्या बाई

सर, येथेच दोन्ही व्यवस्था वेगळ्या वागतात. सरकारी चाचणीत आजवर उत्तीर्णतेची मर्यादा ४० पैकी ३२ राहिली आहे. त्याखाली गुण पडले तर मुलाला दुसरीत पुन्हा बसावे लागते, आणि निकाल पालकांना कळवला जातो. आमच्या वर्गातही अशी मुले निघाली, आणि त्यांच्यासाठी सप्टेंबरपासून रोज वेगळा वाचनवर्ग ठेवला आहे. सिदूरसाठी मात्र कोणतीही परीक्षा नाही. जूनच्या अखेरीस आजी-आजोबांसह सगळे सभागृहात जमले, मुलांनी शेमा म्हटली, आणि एकेका मुलाचे हिब्रू नाव पुकारून पुस्तक हाती दिले. पुस्तकाचे कापडी वेष्टण प्रत्येकाच्या घरी शिवलेले किंवा रंगवलेले होते. ज्याला अजून आठ-दहा अक्षरेच ओळखता येतात, त्यालाही तेच पुस्तक मिळाले, आणि त्याच्या पुस्तकात मोरांनी ती अक्षरे जेथे जेथे येतात त्या पहिल्या दोन पानांवर पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवल्या होत्या.